झाकली मूठ कधी उघडावी?

आपल्या भाषेने झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख ठरवून टाकली आहे. मूठ रिकामी असली तरी ती झाकलेली आहे तोवर जगावर वचक राहतो, हा त्या म्हणीतला व्यवहार. पण मुठीत खरोखरच सव्वा लाख असतील तर? तेव्हाही ती झाकूनच ठेवावी काय? पोकरच्या स्पर्धांत हा प्रश्न रोज पडतो. भक्कम पाने हाती असताना दुबळेपणाचे सोंग घ्यायचे, बोली वाढवायची नाही, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे आणि शेवटी गाठायचे, या डावपेचाला तिथे 'स्लो प्ले' म्हणतात. आपण त्याला हातचे राखून खेळणे म्हणू. या डावपेचाभोवती चातुर्याचे जे वलय आहे, ते त्याच्या योग्यतेपेक्षा बरेच मोठे आहे.

हे वलय बऱ्याच अंशी एका डावाने निर्माण केले. १९८८ साली लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन आणि नवखा एरिक सायडेल हे दोघेच उरले होते. चॅनच्या हातात किलवरचा गुलाम आणि नव्वी. टेबलावर उघडलेली पहिली तीन पाने इस्पिकची राणी, बदामाची दश्शी आणि चौकटची अठ्ठी. अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच पाने जमली. त्या क्षणी याहून मोठा हात कोणाचाही असणे शक्य नव्हते. सायडेलपाशी राणीची जोडी होती. चौथे पान दुर्री आले, पाचवे छक्की. चॅनने शेवटीही पुढाकार घेतला नाही. सायडेलने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि खेळ आटोपला. १९९८ च्या 'राउंडर्स' या चित्रपटाने हा डाव पोकर न खेळणाऱ्यांपर्यंतही पोचवला.

मात्र या डावाची नक्कल करणारे तिथली परिस्थिती पाहत नाहीत. समोर एकच माणूस होता. पहिली तीन पाने तीन वेगळ्या चिन्हांची असल्याने पुढच्याच पानावर 'कलर' जमण्याची भीती नव्हती. चॅनपाशी चिप्सही जास्त होत्या. हरला असता तरी तो स्पर्धेबाहेर गेला नसता. इतके सगळे एकत्र जुळून आले, म्हणून मौन शहाणपणाचे ठरले.

आपल्याकडच्या माणसाची येथे आणखी एक फसगत होते. दिवाळीत तीन पत्ती खेळून आपला हात बसलेला असतो. तीन पत्तीत एकदा वाटलेली पाने बदलत नाहीत. तुमच्या हाती तीन एक्के असतील आणि तुम्ही मुकाट राहिलात, तर फार तर समोरचे लवकर पॅक करतील. तुमचा हात काही मागे पडणार नाही. पोकरच्या 'होल्डेम' प्रकारात तसे नाही. तिथे टेबलावर आणखी पाने उघडत जातात आणि तुमचे प्रत्येक मौन म्हणजे समोरच्याला फुकट दिलेले एक पान असते. पहिल्या तीन पानांनंतर कलरला एकच पान कमी असलेल्या माणसाला ते पुढच्याच पानात मिळण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, आणि दोन्ही पाने पाहू दिली तर ३५ टक्के. एक्क्यांच्या जोडीचेही तेच. एका अनोळखी हातासमोर ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. मौन राखून पाच जणांना डावात राहू दिले, तर तीच जोडी निम्म्यापेक्षा किंचित कमी वेळाच टिकते.

स्पर्धेत तर हिशेब अधिकच कडक होतो. १९८८ मध्ये १६७ खेळाडूंनी प्रत्येकी १०,००० डॉलर भरले होते. अखेरीस १६,७०,००० डॉलरच्या सगळ्या चिप्स चॅनपुढे आल्या. बक्षीस मात्र ७,००,००० डॉलरच होते. म्हणजे स्पर्धेत मिळवलेल्या चिपेपेक्षा गमावलेली चिप महाग असते. शिवाय शेवटची चिप गेली की घरचा रस्ता. बँकेत कर्जे वाटणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. शंभर रुपयांमागे तीन रुपये सुटत असतील, तर एक बुडालेले कर्ज भरून काढायला तशीच चौतीस कर्जे सुखरूप परत यावी लागतात.

मग मूठ झाकावी तरी केव्हा? हात जवळपास अजिंक्य असावा. फुकटच्या पानाने प्रतिस्पर्धी सुधारला तरी आपल्या खालीच राहावा. आणि तो स्वभावाने चढाई करणारा असावा. प्रत्येक बोलीला होकार देणाऱ्या माणसासमोर मौन पाळणे म्हणजे स्वतःच्याच खिशाला चाट. २००३ च्या अंतिम डावात ख्रिस मनीमेकरकडे पंजी आणि चौकी अशा दोन जोड्या जमल्या होत्या. पण त्या लहान होत्या आणि टेबलावर इस्पिकची दोन पाने होती. त्याने एकदाच पुढाकार टाळला. सॅमी फारहाने बोली लावताच त्याने ती वाढवली, आणि गुलामाच्या जोडीवर फारहाने सर्वस्व लावले. मूठ झाकली ती घटकाभरच.

हातचे राखून खेळण्यामागे बऱ्याचदा हिशेब नसतोच. शेवटी पाने उघडताना समोरच्याचा चेहरा कसा पडेल, हे पाहण्याचा मोह असतो. त्या मोहासाठी दिलेले फुकटचे पान कधीतरी समोरच्याला लागते, आणि पडलेला चेहरा आपला असतो. सव्वा लाख खरोखरच हाती असतील, तर बहुतेक वेळा मूठ उघडून किंमत मागावी. त्यात चातुर्य दिसत नाही, पण पैसे मिळतात.