निकालानंतर ठरणारे स्वभावदोष

यशापयशाचे मूळ माणसाच्या स्वभावात असते असे मानणारा एक पक्ष मराठी इतिहासचर्चेत आजही ठाण मांडून आहे, आणि त्याचे हुकमी उदाहरण म्हणजे पानिपत. सदाशिवरावभाऊ हेकट होते, जुन्याजाणत्या सरदारांचा गनिमी काव्याचा सल्ला त्यांनी धुडकावला, म्हणून 14 जानेवारी 1761 रोजी सर्वनाश ओढवला, एवढ्यावर या पक्षाची कारणमीमांसा आटोपते.

हे विवेचन उदगीरपाशी कोसळते. फेब्रुवारी 1760 मध्ये याच भाऊंनी, इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफखाना हाताशी धरून, निजामाला नमवले; त्यांचा स्वभाव तोच होता आणि तोफखान्यावरचा भरवसाही तोच होता. त्या विजयाची चर्चा करताना जो गुण निश्चय म्हणून गौरवला जातो, तोच अकरा महिन्यांनी हेका ठरतो, म्हणजे गुणाचे नाव निकाल पाहून ठेवले जाते आणि मग त्याच नावाने निकालाचे स्पष्टीकरण दिले जाते. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा जिंकला गेला तेव्हाही सेनापती बदललेला नव्हता. जे कारण जय आणि पराजय या दोन्ही ठिकाणी सारखेच हजर आहे, ते एकटे त्यांतील फरक स्पष्ट करू शकत नाही, हा तर्काचा पहिला धडा या विद्वानांनी कितीही वेळा सांगून मनावर घेतलेला नाही. फरक होता तो शत्रू अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडल्यात, डिसेंबरमध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले जाऊन रसद आटल्यात, आणि बुणग्यांसह उपाशी पडलेल्या छावणीत.

अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला, त्यामागेही भाऊंचा स्वभाव नव्हे, तर अयोध्येचे स्वतःचे हिशेब होते.

सारे स्वभावावर ढकलण्याची ही चूक मानसशास्त्राच्या ओळखीची आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी 1958 मध्ये व्यक्तिगत आणि परिस्थितिजन्य कारणे वेगळी करून दाखवली. परिस्थिती वगळून दुसऱ्याच्या वर्तनाचा बोजा स्वभावावर टाकण्याच्या सवयीला ली रॉस यांनी 1977 मध्ये जे नाव दिले, ते मराठीत 'मूलभूत आरोपणदोष' असे सांगता येईल.

याचा अर्थ भाऊ निर्दोष होते असा नव्हे. योग्य कारणमीमांसा स्वभावाऐवजी निर्णय तपासते, आणि तोही त्या क्षणी कर्त्याला उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे. कुंजपुऱ्यानंतर सेना कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाली, तेव्हा यमुनेच्या उतारांवर पुरेसा बंदोबस्त नव्हता. नदीला पाणी असताना शत्रू ती ओलांडणार नाही हा अंदाज कोणत्या बातम्यांवर बांधला गेला, हे शोधणे हेच पानिपतच्या अभ्यासकाचे काम आहे.