‘आमचे’ की ‘आपले’?



एखादी वस्तू कोणाची, हे प्रत्येक भाषा आपापल्या रीतीने सांगते. इंग्रजीतले ‘हिज’ आणि ‘हर’ मालक पुरुष आहे की बाई, एवढेच सांगतात. फ्रेंचमधले ‘सों’ आणि ‘सा’ वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. मालक की मालकीण, ते त्यांतून कळत नाही. जर्मन दोन्ही सांगते आणि आपली मराठीही. ‘तिचा बैल’, ‘तिची विहीर’, ‘तिचे वावर’: शब्द वस्तूप्रमाणे बदलतो, पण ‘ती’ पुसली जात नाही. व्याकरणाने बाईला मालकी दिली आहे. सातबाऱ्याने मात्र क्वचितच दिली.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत ‘वावर कोणाचं?’ असे विचारले की बाई ‘आमचं’ म्हणते आणि घरधनी ‘माझं’ म्हणतो, हे मी कित्येकदा ऐकले आहे. रोवणी, निंदणी तिने करायची, कागदावर नाव त्याचे.

या ‘आमचे’कडेही नीट पाहायला हवे. इंग्रजी ‘अवर’, फ्रेंच ‘नोत्र’, जर्मन ‘उन्झर’ यांत ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, ते कळत नाही. मराठीत ‘आपले’ म्हटले की ऐकणारी आत, ‘आमचे’ म्हटले की बाहेर. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली आणि २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. ते ‘आमचे’ बाहेरच्या सत्तेला ऐकवलेले होते, म्हणून योग्यच होते. पण गावच्या सभेत पुरुष ‘आमचे जंगल’ म्हणतात, तेव्हा मोहफुले वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई त्यात असते का?

कायदा म्हणतो, असली पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे व्हायला हवा. कुटुंबप्रमुख बाई एकटी असेल, तर तिच्या नावे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात.

तेव्हा पेटीतला पट्टा काढा आणि त्यावर आपले नाव आहे का, ते वाचून घ्या. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा. एकटीने नको, चौघीजणी मिळून जा. गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मैत्रिणींनी आपल्या भाषेत हे ‘आमचे’ कसे म्हणतात, ते जरूर लिहून कळवावे. आणि सभेत कोणी ‘आमचे जंगल’ म्हणाले, तर शांतपणे विचारा: दादा, आमचे की आपले?