संशोधनाची वाट गावाकडे वळावी

‘संशोधन’ हा शब्द उच्चारला की महानगरातील सुसज्ज प्रयोगशाळा, परदेशी विद्यापीठे आणि जाडजूड प्रबंध डोळ्यांसमोर उभे राहतात. आरोग्याच्या क्षेत्रात ही समजूत अधिकच घट्ट आहे. परंतु ज्या गावात जन्मलेले बाळ महिना पुरा होण्याआधीच दगावते, त्या गावाचे दुखणे प्रयोगशाळेत कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर एका तरुण डॉक्टर दांपत्याने सुमारे चार दशकांपूर्वी स्वतःच्या कृतीने दिले.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन मायदेशी परतलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत दाखल झाले. दोघेही तेव्हा पस्तिशीच्या आसपासचे होते. जिल्हा तर अवघ्या चार वर्षांचा! तेथे त्यांनी दवाखान्याबरोबरच संशोधनही आरंभले. दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली असता ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांनी ग्रासल्याचे आढळले आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या शासकीय समजुतीला त्यामुळे जबर धक्का बसला.

बालमृत्यूंच्या प्रश्नाचेही तसेच. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे श्वास मोजावे लागतात. पण गावातील अनेक दाईंना बारापलीकडे मोजता येत नसे. तेव्हा वाळूचे घड्याळ आणि रंगीत मणी असलेले एक साधे साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. अक्षरशत्रू दाईला शहाणपण शिकवण्याऐवजी शास्त्रच तिच्या हाताला जुळवून घेतले गेले. पुढे १९९५ पासून ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण देण्यात आले. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता.

आरोग्यसेवा न्याय्य रीतीने सर्वांपर्यंत पोहोचणे म्हणजे केवळ इमारती बांधणे नव्हे, हेही तेथेच उमगले. गोंड समाजाला विचारले तेव्हा कळले की, मोठ्या रुग्णालयाचे त्यांना भय वाटते. पांढरी वस्त्रे पाहून प्रेताचे स्मरण होते. रुग्णाजवळ आप्तांना राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामातील दवाखाना झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. जनतेला विचारणे हेच पहिले संशोधन, हा त्याचा अर्थ.

आजच्या तरुणाने यातून काय घ्यावे? वैद्यकीय पदवी मिळवणारे आपले बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशाच्या चिंतेत गढलेले असतात. समाजाच्या पैशावर शिकून समाजाचा प्रश्नच ठाऊक नसावा, ही विसंगती नव्हे काय? २००६ साली गडचिरोलीतूनच सुरू झालेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमाने अनेक तरुणांना सामाजिक प्रश्नांच्या शोधाची दिशा दिली, हे आशादायक आहे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. उन्हाळी सुट्टीत गावात यायचे, प्रश्नावली भरून घ्यायची आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाही, हे संशोधन नव्हे. ती गरिबाच्या वेळेची लूट होय. जे मोजले ते त्याच गावात चावडीवर सांगितले पाहिजे आणि जे सापडले त्यावर उपायही तेथेच झाला पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने एखादे गाव निवडावे. तेथील विद्यार्थ्यांनी सलग काही वर्षे जन्म, मृत्यू आणि आजारांची नोंद ठेवावी. गावातील तरुण-तरुणींना या कामात बरोबरीचे स्थान द्यावे. यासाठी फार मोठा निधी लागत नाही; लागते ती चिकाटी आणि ऐकून घेण्याची वृत्ती.

गावातील एखादे बाळ का दगावले, हा प्रश्न गावातीलच तरुण विचारू लागतील आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणार नाहीत, तेव्हाच आरोग्य हा कागदावरचा हक्क न राहता प्रत्येक घरचा अनुभव होईल.