राखणारा कीं हांकणारा?

गेल्या दिवाळीस पुण्याहून आलेल्या पुतण्यानें घरांत एक मागणी पुढें केली, आणि तिच्यावर आमच्या एकत्र कुटुंबांत महिनाभर चर्चा चालली. मागणी कुत्र्याची होती. तेंहि साधें नव्हे, तर आंखूड पायांचें, कोल्ह्यासारख्या तोंडाचें वेल्श कॉर्गी. मोबाईलवर त्याचीं चित्रें पाहून घरांतील सगळीं मुलें एका पक्षास मिळालीं, आणि वडील मंडळींनाहि नाहीं म्हणवेना. परंतु गडचिरोलीसारख्या ठिकाणीं, जेथें गांवाची शेवटची आळी संपली कीं रान फार दूर नसतें, कुत्रें आणणें ही नुसती हौस नव्हे. हें आम्ही एकदां फार महागांत शिकलों आहों.

चार वर्षांपूर्वीं आमच्याकडे मोत्या नांवाचा कुत्रा होता. श्रावणांतील एका रात्रीं तो नेहमींप्रमाणें पडवींत साखळीस बांधलेला होता. पहाटे साखळी जागच्या जागीं होती, गळ्याचा पट्टा तुटला होता आणि अंगणांतील चिखलांत बिबट्याचे ठसे उमटले होते. वनखात्याच्या मनुष्यानें ते पाहून इतकेंच विचारलें, “बांधून ठेवला होता काय?” उत्तर देतांना आम्हां कर्त्या माणसांस खालीं पाहावें लागलें, कारण साखळी आम्हींच बांधली होती.

बिबट्यास कुत्रें किती प्रिय असतें याची कल्पना पुष्कळांस नसते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वजनाच्या हिशेबानें ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला. तेथें उसाचे मळे आहेत, आमच्याकडे साग आणि बांबू. पण पडवींत बांधलेलें कुत्रें दोन्हीकडे सारखेंच असहाय.

आतां कॉर्गीविषयीं. वेल्समधील शेतकऱ्यांनीं गुरें हांकण्यासाठीं हें कुत्रें जोपासलें. तेथील भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थच ‘खुजा कुत्रा’ असा होतो. उंची दहा-बारा इंच. गुरांच्या टाचेस चावा घेऊन तें त्यांस पुढें रेटतें, आणि गाईनें लाथ झाडली तर ती त्याच्या डोक्यावरून जाते. खुजेपणा हेंच त्याचें संरक्षण. पेंब्रोक आणि कार्डिगन अशा त्याच्या दोन जाती इंग्लंडांत १९३४ सालीं निराळ्या मानल्या गेल्या. एलिझाबेथ राणी लहान असतांना, १९३३ सालीं, तिच्या घरीं पहिलें कॉर्गी आलें, आणि गोठ्यांतलें हें कुत्रें पुढें राजवाड्यांतलें म्हणून जगभर मिरवलें.

पुतण्यानें हें सर्व मोठ्या उत्साहानें वाचून दाखविलें. मातुःश्री शांतपणें ऐकत होत्या. शेवटीं त्या म्हणाल्या, “तें सगळें खरें रे बाबा, पण तें इथें हांकणार कोणाला? गोठा तर तुम्हीं केव्हांच मोडला.”

या एका प्रश्नानें चर्चेचें तोंड फिरलें. हांकणें अशा कुत्र्याच्या रक्तांत असतें. गुरें नसलीं म्हणून तें जात नाहीं. अंगणांत धांवणारीं मुलें हींच मग त्याचीं वासरें होतात, आणि टाचांना दांत लागतात. त्यांत कुत्र्याचा दुष्टपणा नसतो. काम न देतां त्यास घरीं आणणाऱ्यांचा तो दोष. शिवाय त्याची दुहेरी लोंकर थंड मुलखासाठीं आहे, आणि आमच्या भागांत मे महिन्यांत काय होतें हें चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांवरून वाचकांस ठाऊकच आहे. लांब पाठीमुळें मणक्यास इजा होण्याचें भय निराळें. आमच्या माडीचा जिना चांगलाच उभा आहे.

आमच्याकडील कुत्र्याचें काम वेगळें आहे. कुरमार धनगराचीं मेंढरें असोत कीं ढोरकी रानांत नेतो तीं कठाणी गुरें असोत, हांकण्याचें काम माणसाच्या हाळीनें आणि काठीनें होतें. कुत्रें कळपाच्या कडेनें चालतें, वास घेतें, भुंकून सावध करतें. तें राखणारें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील सरमाहि अशीच. पणींनीं लपविलेल्या गाईंचा तिनें माग काढला. आमच्या घरास हवें होतें तें असें, राखणारें कुत्रें.

ज्यांच्याजवळ मोकळें आवार, गार हवा आणि रोज दोन वेळां फिरविण्यास माणूस आहे, त्यांनीं कॉर्गी किंवा शेटलंड शीपडॉग अवश्य पाळावें. मात्र नीट पारखून. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालील पिलूं विकतां येत नाहीं. आमच्या एका स्नेह्यांनीं न पाहतां मागविलेलें पिलूं पांच आठवड्यांचें निघालें, व पार्व्होच्या जुलाबांनीं आठ दिवसांत गेलें. म्हणून पिलाची आई स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी. कॉर्गीच्या मागच्या पायांतील शक्ति हळूहळू घालविणारा एक आनुवंशिक रोग आहे. त्याची आईबापांची तपासणी झाली आहे काय, हें विचारावें. शेटलंड किंवा कोली असल्यास डॉक्टरांस जात आवर्जून सांगावी. कारण खरजेवर देण्यांत येणारें आयव्हरमेक्टिन त्यांपैकीं कित्येकांच्या जिवावर बेततें.

आमचें पिलूं चामोर्शीच्या रस्त्यावरील एका खेड्यांत, धनगराच्या घरीं मिळालें. पांचांपैकीं चार नर लोकांनीं नेले होते. मादी तेवढी उरली होती. आम्ही तिला तीनदां पाहून आलों. जवळ भांडें पडलें तेव्हां ती दचकली, पण थोड्या वेळानें परत येऊन तें हुंगूं लागली. पिलाच्या स्वभावाची याहून सोपी परीक्षा नाहीं. धनगरानें पैसे घेतले नाहींत. अट एकच घातली, “रातच्याला घरात घ्याल तर न्या.” मोत्याची हकीकत त्यास आम्हीं सांगितलेली नव्हती.

मुलांनीं तिचें नांव सरमा ठेविलें. दिवेलागणीला ती घरांत येते व पहाटेपर्यंत दार बंद असतें. देवघर आणि स्वयंपाकघर यांची मर्यादा मातुःश्रींनीं घालून दिली. ती सरमेला मुलांपेक्षां लवकर समजली. तिसरा महिना भरतांच रेबीजची लस दिली, ती दरवर्षीं द्यावयाची आहे. डिस्टेंपरचीहि दिली, कारण २०१८ सालीं गीरचे सिंह ज्या विषाणूनें मेले तो हाच, आणि आमच्या रानांत वाघ आहेत. वंध्यीकरणहि योग्य वयांत करावयाचें ठरलें आहे. खरकटें आतां अंगणांत पडूं देत नाहीं. त्यावर भटकीं कुत्रीं जमतात आणि त्यांच्यामागें बिबट्या येतो. मुलांना एक गोष्ट पाठ करविली आहे: कोणतेंहि कुत्रें चावलें तर लपवावयाचें नाहीं; साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुवून लगेच सरकारी रुग्णालयांत जावयाचें.

वैश्वदेवाच्या वेळीं श्वानासाठीं घास काढण्याची आपल्या घरांतून रीत होती, आणि धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें नाकारलें हें आपण मुलांस कौतुकानें सांगतों. दारांतल्या कुत्र्यास घास घालणें कोणासहि जमतें. रात्रीं उठून त्यास आंत घेण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनींच या मुलखांत कुत्रें आणावें; मग तें वेल्सचें असो कीं चामोर्शीच्या वाटेवरचें.