कार नीड्स वॉश्ट

मंडळी, अमेरिकेत सगळे इंग्रजी बोलतात असा भाबडा समज घेऊन आम्ही २००४ च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला पिट्सबर्गला उतरलो. टोफेलचे मार्क उत्तम होते, त्यामुळे भाषेची काळजी नव्हती. पहिल्याच आठवड्यात घरमालकीण आजीबाईंनी दार ठोठावलं आणि आत डोकावून म्हणाल्या, "यिंझ नीड टु रेड अप दिस रूम." आम्ही तिघे रूममेट एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. भाड्याच्या खोलीला लाल रंग कशाला द्यायचा? बऱ्याच हातवाऱ्यांनंतर उलगडा झाला की खोली आवरा, एवढंच बाईंचं म्हणणं. मग म्हणाल्या, "रन द स्वीपर." आम्ही केरसुणी शोधायला लागलो. स्वीपर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर! जाता जाता गालिच्याकडे बोट दाखवून त्यांनी शेवटचा बाँब टाकला, "दॅट रग नीड्स वॉश्ट."

रेन अँड मार्टिनवर पोसलेला आमचा पिंड. मधलं 'टु बी' गेलं कुठे? बाई फारशा शिकलेल्या नसाव्यात, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. पण पुढे लॅबमधला टेक्निशियन तसंच बोलला, बँकेतली बाईही तसंच बोलली. सगळं गाव मिळून व्याकरणात नापास होईल हे काही पटेना.

भानगड अशी आहे की अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातून स्कॉट्स-आयरिश मंडळी मोठ्या संख्येने पश्चिम पेनसिल्व्हेनियात येऊन राहिली आणि येताना आपली बोली घेऊन आली. 'नीड्स वॉश्ट' ही त्यांची रचना, पुढे ओहायो-इंडियानापर्यंत पसरलेली. 'रेड अप' त्यांचंच. 'यिंझ' म्हणजे मुळात 'यू वन्स', अर्थात 'तुम्ही लोक'. 'दाउ' मागे पडल्यावर पुस्तकी इंग्रजीत एकालाही 'यू' आणि दहांनाही 'यू'. तू आणि तुम्ही यांतला फरक जन्मापासून ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना ही अडचण चटकन कळावी. दक्षिणेतल्यांनी तीच अडचण 'यॉल' म्हणून सोडवली. निसरड्या रस्त्याला इथे 'स्लिपी' म्हणतात, रबरबँडला 'गमबँड'. आणि आमचा सर्वात लाडका शब्द म्हणजे 'नेबी'. 'नेब' म्हणजे चोच किंवा नाक, आणि नेबी म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत ते खुपसणारा. आपल्याकडेही खुपसायला नाकच लागतं! उच्चारांचं विचाराल तर 'डाउनटाउन' होतं 'डानटान', आणि फुटबॉलचे स्टीलर्स होतात 'स्टिलर्स'.

असल्या शब्दांचा एक अख्खा कोश आहे, 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश'. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॅसिडी यांनी १९६५ ते १९७० या काळात आपली माणसं देशभरातल्या १,००२ गावांत धाडली. ती गाड्या घेऊन हिंडायची आणि जुन्याजाणत्यांना सोळाशेहून जास्त प्रश्न विचारायची. याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. पहिला खंड १९८५ साली निघाला, पाचवा २०१२ साली. तो बघायला कॅसिडी नव्हते, ते २००० सालीच गेले. आणि गंमत म्हणजे हा माणूस जन्माने जमैकाचा. अमेरिकेच्या गावरान बोलीचं मोल बाहेरून आलेल्याला जास्त कळलं म्हणायचं.

आम्हाला मात्र ते उशिरा कळलं. नोकरी लागली त्या कारखान्यात एक वयस्क मशिनिस्ट होते. मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगणारे. एकदा कॅलिफोर्नियाच्या मंडळींबरोबर फोनवर मीटिंग चालली होती. हे म्हणाले, "दॅट बेअरिंग नीड्स चेंज्ड." पलीकडून कुणीतरी त्यांचं वाक्य तस्संच म्हणून दाखवलं आणि हशा पिकला. आम्हीही हसलो. आमचं स्वतःचं 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आजतागायत वेगळं झालेलं नाही, तरी हसलो. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी बोलताना त्यांचं प्रत्येक वाक्य शुद्ध. "धिस नीड्स टु बी चेंज्ड." 'टु बी' अगदी ठासून. बाकी सगळ्यांशी पूर्वीसारखंच.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो तर आमची सौ. आईशी फोनवर बोलत होती. सौ. नागपूरची, आम्ही पुण्याचे. "अवं आई, पोळ्या करून राहिली ना मी." आमची चाहूल लागली आणि लगेच, "ठेवते आता, स्वयंपाक करते आहे." लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तिच्या 'येऊन राहिली'वर आम्ही चारचौघांत केलेला विनोद आम्हाला आठवला. त्या दिवसानंतर आमच्यासमोर ती कधी काही 'करून राहिली' नव्हती. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात वऱ्हाडी बोलणारा नोकर असतो आणि तो तोंड उघडण्याआधीच आपण हसायला लागतो, तेव्हा ती काय करते हे आम्ही कधी वळून पाहिलं नव्हतं.

माफी मागणं आम्हाला फारसं जमत नाही. त्या मशिनिस्टांकडे मागायला गेलो तर त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. सौ.कडे मागितली तर ती "चहा घेणार?" म्हणाली.

२०१९ साली ते गृहस्थ रिटायर झाले. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये आमच्या गाडीपाशी थांबले. हिवाळ्यातल्या मिठाने आणि चिखलाने तिचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाले, "युवर कार नीड्स वॉश्ट." 'टु बी' गाळून! आम्ही इतके खूष झालो की त्यांना काही कळेना.

घरी येऊन सौ.ला सगळी हकीगत सांगितली. ती भाजी चिरत ऐकत होती. म्हणाली, "मग धुऊन कोण राहिलं गाडी?"