परंपरेच्या नावानं चांगभलं

फराळाच्या ताटाशेजारी रक्ताने लाल झालेला समुद्र कशाला आणता, असे कुणी मला विचारले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु दरवर्षी ते चित्र कुठून तरी आपल्या घरात येतेच. उत्तर अटलांटिकमधली फॅरो बेटे, डोंगरांत शिरलेली चिंचोळी खाडी, कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसे आणि त्यांच्याभोवती लालभडक पाणी! आपण हळहळतो, ‘काय ही राक्षसी माणसे!’ म्हणतो आणि पान उलटतो. तिकडून उत्तर येते, ‘ही आमची परंपरा आहे.’ झाले! वाद तिथेच रुतून बसतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली आणि २०२३ साली घटनापीठाने त्यांना मोकळीक दिली. त्या नऊ वर्षांत आपल्याकडेही एका बाजूने ‘क्रौर्य’ आणि दुसऱ्या बाजूने ‘परंपरा’ हेच दोन शब्द एकमेकांवर आदळत होते. माझी तक्रार अशी आहे की, असले शब्द फेकले की विचार करण्याचे कष्ट वाचतात.

आरंभीच सांगून टाकतो. मी कोकणातला, मासे खाणारा माणूस आहे. सुरमईचा तुकडा तोंडात ठेवून अहिंसेवर प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही, आणि हौसही नाही. देवमासा काय किंवा डॉल्फिन काय, नावात मासा असो वा नसो, ते मासे नव्हेत. ते हवेत श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात, कळप करून राहतात. हे सारे खरे. पण दूध शेळीही पाजते, आणि आपल्यापैकी कितीजणांना रविवारी तिची आठवण होते? तेव्हा केवळ मारतो म्हणून मी कुणाला राक्षस ठरवणार नाही. माझा प्रश्न निराळा आहे. जी गोष्ट परंपरा म्हणून सांगितली जाते, ती परंपरा अजून जिवंत आहे का? आणि ते ओळखायचे कसे? माझ्या मते परंपरेची परीक्षा तिच्या वयावरून होत नाही. तिने स्वतःवर घालून घेतलेल्या मर्यादेवरून होते. मर्यादा गेली की उरतो तो नुसता धंदा किंवा नुसती खोड.

आधी प्रवचनकारांचा समाचार घेऊ. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. ते कुणी मारले? भाला घेऊन होडीत बसणाऱ्या आदिवासींनी नव्हे. तोफेने भाले सोडणाऱ्या आगबोटींनी, समुद्रावरच कत्तलखाने चालवणाऱ्या प्रगत राष्ट्रांच्या ताफ्यांनी मारले. १९३०-३१ च्या एका हंगामात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात सुमारे २९ हजार निळे देवमासे पडले. त्यांच्या चरबीचे काय झाले? मार्गारिन आणि साबण! सोव्हिएत ताफ्यांनी तर आंतरराष्ट्रीय आयोगाला वर्षानुवर्षे खोटे आकडे कळवले. समुद्र असा रिकामा केल्यावर यांना करुणेचा पाझर फुटला. ‘करून करून भागला आणि देवपूजेला लागला’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू यांच्यासाठीच करून ठेवली असावी.

या उशिरा सुचलेल्या करुणेचा पहिला फटका कुणाला बसला, ते पाहण्यासारखे आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचे इनुपियात लोक शतकानुशतके बोहेड जातीच्या देवमाशावर जगत आले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व्यापारी जहाजे तिथे पोहोचली आणि त्यांनी तेलासाठी व श्रीमंत बायकांच्या काचोळ्यांत घालायच्या लवचिक पट्ट्यांसाठी हा प्राणी जवळजवळ संपवला. पुढे १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने, आता थोडेच उरले आहेत असे सांगून, इनुपियातांची शिकारच बंद केली. चोर सोडून संन्याशाला सुळी! इनुपियात म्हणाले, ‘तुमची मोजणी चुकली. देवमासे बर्फाखालूनही जातात आणि किनाऱ्यापासून दूरवरूनही जातात. कडेला बसून मोजणाऱ्याला ते दिसणार कसे?’ पुढे शास्त्रज्ञांनी पाण्याखाली ध्वनियंत्रे सोडून देवमाशांचे आवाज ऐकले, तेव्हा म्हाताऱ्या शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. वर्षाकाठी काही डझन देवमासे मारण्याची परवानगी त्यांना मिळाली. आज त्या भागात बोहेडांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. इनुपियातांच्या हातीही आता स्फोटक भाले आहेत, बर्फावर धावणाऱ्या गाड्या आहेत. पण आकड्याची मर्यादा ते पाळतात आणि मांस बाजारात न विकता गावात वाटतात. ही परंपरा जिवंत आहे, आणि तिच्यावर बोट ठेवण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही.

आता जपानमधल्या तायजी गावाकडे वळू. हे गाव १६०६ सालापासून देवमाशांच्या संघटित शिकारीसाठी प्रसिद्ध. १६७५ च्या सुमारास त्यांनी जाळ्यात अडकवून मारण्याची पद्धत काढली. पिलासह असलेल्या मादीच्या वाटेला जाऊ नये, असा त्यांचा जुना संकेत सांगतात. डिसेंबर १८७८ मध्ये, उपासमारीच्या दिवसांत, गावकऱ्यांनी तो मोडला. पिलू घेऊन चाललेल्या एका प्रचंड मादीमागे होड्या गेल्या, वादळात सापडल्या आणि शंभरावर माणसे परतली नाहीत. तिथली जुनी शिकार त्या दिवशीच खचली. मर्यादा म्हणजे काय आणि ती मोडल्याची किंमत काय, हे तायजीइतके दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असेल?

आणि आज तेच गाव काय करते? मोटारबोटी समुद्रात जातात, लोखंडी नळ्या पाण्यात सोडून वर हातोडे मारतात, त्या आवाजाने भेदरलेल्या डॉल्फिनांचा कळप खाडीत हाकलतात. मग निवड होते. देखणे, तरुण डॉल्फिन जिवंत पकडून करमणुकीच्या तलावांना विकायचे. त्यांना मांसाच्या कितीतरी पट किंमत येते. उरलेल्यांतले बहुतेक कापायचे. ही रीत १९६९ च्या सुमारास रुळली; त्याच वर्षी गावात देवमाशांचे संग्रहालय उघडले. म्हणजे या ‘प्राचीन परंपरे’चे वय आपल्या घरातल्या एखाद्या काकांपेक्षाही कमी! पण वय क्षणभर बाजूला ठेवा. चेंडू झेलायला शिकवण्यासाठी पिलाला कळपातून तोडणे, यात कुठल्या पूर्वजांचा वारसा आहे? २०१५ साली जपानमधल्याच मत्स्यालयांच्या संघटनेने आपल्या सभासदांना तायजीचे डॉल्फिन घेण्यास मनाई केली. तरी व्यापार थांबला नाही. आपल्या सरकारने २०१३ सालीच डॉल्फिनांचे असले खेळ भरवण्यास बंदी घातली, ही गोष्ट निदान अभिमानाने सांगावी अशी आहे.

फॅरोचे प्रकरण अधिक अवघड आहे. तिथल्या लोकांना तायजीच्या मापाने मोजणे अन्याय होईल. अठरा उघडीबोडकी बेटे, धान्य जेमतेम. १२९८ सालच्या तिथल्या राजपत्रात देवमाशाच्या हक्कांचे नियम आहेत. शिकारीच्या नोंदी १५८४ पासूनच्या सापडतात. मांस गावात फुकट वाटले जाते. म्हातारी विधवा असो वा नवे जोडपे असो, वाटा मिळतो. सरासरीने वर्षाला आठशेच्या आसपास पायलट देवमासे मारले जातात आणि त्यामुळे ती जात बुडाली असे कुणी म्हणत नाही. इथपर्यंत मी फॅरोकरांचा वकील व्हायला तयार आहे.

परंतु १२ सप्टेंबर २०२१ रोजी स्कालाबोत्नुर इथे १,४२३ डॉल्फिन एका कळपात मारले गेले. किनाऱ्यावर मारणारे हात कमी आणि प्राणी अफाट. ते तडफडत राहिले. हे अति झाले, असे खुद्द तिथल्या शिकाऱ्यांच्या म्होरक्यांनी म्हटले. पुढच्या वर्षी सरकारला डॉल्फिनांसाठी वर्षाला ५०० ची मर्यादा घालावी लागली. ज्या परंपरेला बाहेरून आकडा शिकवावा लागतो, तिची आतली मर्यादा सुटली आहे. एके काळी भूक ही मर्यादा होती, वल्ह्याची होडी ही मर्यादा होती. आज फॅरोकर मासळी आणि सामन विकून सुखवस्तू झाले आहेत. भूक गेली, होडीला मोटार लागली, हत्या तेवढी जुनी राहिली.

त्याहून मोठा पुरावा त्यांच्या घरातूनच आला. तिथल्या वैद्यांनी आयांची आणि मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. देवमाशाच्या मांसात पारा आहे आणि आईच्या पोटातून तो पोराच्या मेंदूत जातो, स्मरणशक्ती आणि लक्ष मंदावतो, असे त्यांना आढळले. २००८ साली बेटांच्या प्रमुख वैद्यांनी हे मांस खाऊच नये असा स्पष्ट सल्ला दिला. जो घास आता लेकराला निर्धास्तपणे भरवता येत नाही, त्यासाठी शिकार चालू ठेवणे ही पूर्वजांची सेवा म्हणायची की वंशजांशी वैर? फॅरोकरांनी ही शिकार आता स्वतःहून थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पण हा पारा समुद्रात आला कुठून? फॅरोकरांनी तो ओतलेला नाही. त्यातला मोठा वाटा जगभरच्या कारखान्यांतून आणि जळणाऱ्या कोळशातून हवेत जातो आणि पावसाबरोबर समुद्रात उतरतो. आपली बरीचशी वीज कोळशाचीच आहे. म्हणजे आज दारात जो आकाशकंदील लागला आहे, त्याच्याकडेही त्या पाऱ्याचा चिमूटभर हिशेब निघतो. आणि मासे खाणाऱ्या माझ्यासारख्याकडे दुसरा हिशेब निघतो: जगभर दरवर्षी सुमारे तीन लाख देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे भाऊबंद मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात, असा अंदाज आहे. कुठल्याही शिकारीपेक्षा हा आकडा मोठा. पण तिथे समुद्र लाल होत नाही, म्हणून चित्रही छापले जात नाही.

यावर ‘आम्ही काय करणार?’ असे म्हणून सुटका करून घेऊ नये. महाराष्ट्रात २०१८ पासून अशी योजना आहे की, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी कोळ्याने जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी डॉल्फिनांसाठी, कासवांसाठी, बहिरी देवमाशांसाठी स्वतःची जाळी कापली आहेत. जाळे म्हणजे त्या घराचे पोट. ते स्वतःच्या हाताने कापणे याहून कडक मर्यादा कोणती? ती भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी म्हणून आपण मासे खाणाऱ्यांनी ओरडले पाहिजे. फॅरोच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक. इनुपियातांचे पूर्वज जसे एके दिवशी ‘एवढेच, याहून अधिक नाही’ असे ठरवून गेले असतील, तसेच आपले कोळी आज ठरवीत आहेत. दोनशे वर्षांनी कुणी त्याला परंपरा म्हणाले, तर मी आताच त्याच्या बाजूने मत नोंदवून ठेवतो.