दोन सुट्ट्यांचा मेळ

तुमसरसारख्या तांदळाच्या बाजारपेठेच्या गांवीं पूर्वी लांबचा प्रवास म्हणजे काशी किंवा रामेश्वर. आतां घरोघरचीं मुलें परदेशीं नोकरीस आहेत, आणि तेथून बेत येतात ते निराळ्याच देशांचे. आमच्या परिचयाच्या एका घरीं सध्यां असाच एक बेत शिजत आहे. धाकटे चिरंजीव सहकुटुंब टेक्सासमध्यें असतात. त्यांनीं कळविलें कीं, या खेपेस आपण सर्वांनीं कोस्टारिका देशांत जमावें. तुम्ही तिकडून या, आम्ही इकडून येतों. नकाशा घेऊन मंडळी आमच्याकडे आली. त्या वेळीं जें बोलणें झालें, त्यांतील इतर घरांसही उपयोगी पडेल तेवढें येथें देत आहों.

प्रथम हा देश कोठें आहे तें पाहूं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेस जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टींत, निकाराग्वा व पनामा यांच्यामध्यें तो वसला आहे. क्षेत्रफळ सुमारें ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याहून थोडें अधिक. एका अंगास प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगास कॅरिबियन समुद्र, आणि मधून डोंगरांचा कणा. अक्षांश आपल्या केरळाचे, भाषा स्पॅनिश. या देशानें १९४८ सालीं आपलें सैन्यच मोडून टाकलें. राजधानी सान होसे येथील ज्या बेल्लाविस्ता बराकींत शिपाई राहत, तेथें आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. मुलांस दाखविण्याजोगें स्थळ म्हणून आम्हीं तें यादींत पहिलें घातलें.

आतां मुख्य गोष्ट ऋतूची. तुमसरास मे महिन्यांत अंगाची लाही होते, म्हणून मेमध्येंच निघावें असें घरच्यांच्या मनांत होतें. परंतु तेथें डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, आणि मे ते नोव्हेंबर पावसाळा. त्यांतून गंमत अशी कीं, देश विषुववृत्ताच्या उत्तरेस असूनही तेथील लोक कोरड्या काळास उन्हाळा आणि पावसाळ्यास हिवाळा म्हणतात. तेव्हां तिकडील कोणी ‘उन्हाळ्यांत या’ असें म्हणालें, तर जानेवारी समजावा, मे नव्हे. दिवाळीची सुट्टी धरावी, तर ऑक्टोबर हा प्रशांत महासागराकडील बाजूस अतिशय ओला महिना. मात्र डोंगरापलीकडे कॅरिबियन किनाऱ्यावर, एऱ्हवीं बारमास पाऊस असला तरी, सप्टेंबर-ऑक्टोबरांत तो पुष्कळ ओसरतो. नाताळांत हवा उत्तम. पण तेव्हां सारें जग तिकडे लोटतें, दर चढतात, आणि आपल्याकडे दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते.

मग दोन्ही घरच्या मुलांस एकदम सुट्टी केव्हां? टेक्सासमधील शाळा बहुधा मे महिन्याच्या अखेरीस बंद होतात. विदर्भांतील शाळा उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटास उघडतात. म्हणजे मेळ बसतो तो जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा. तेव्हां तेथें पाऊस असणारच. पण त्या दिवसांत सकाळ बहुधा स्वच्छ असते आणि सरी दुपारनंतर येतात. हिंडणें दुपारच्या आंत उरकावें, छत्र्या घ्याव्या, आणि दर उतरलेले असतात त्याचा लाभ घ्यावा.

प्रवास दूरचा आहे. नागपुराहून मुंबई किंवा दिल्ली, पुढें युरोपांत अथवा अमेरिकेंत विमान बदलून सान होसे. अमेरिकेवरून जावयाचें तर नुसतें विमान बदलण्यासाठींही त्या देशाचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या मुलाखतीकरितां महिनोन् महिने थांबावें लागण्याचा संभव असतो. कोस्टारिकाच्या प्रवेशाच्या अटी नव्या दिल्लींतील त्यांच्या वकिलातींत लेखी विचारून घ्याव्या आणि मगच तिकिटें काढावीं. तेथील घड्याळ आपल्यामागें साडेअकरा तास. दिवसाची रात्र होते, म्हणून पहिले दोन दिवस मोकळे ठेवावे.

जेवणाची चिंता आम्हां भातखाऊ मंडळींस फारशी नको. भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेला ‘गायो पिंतो’ हा तेथला रोजचा नाश्ता. मात्र घेवडा कधीं कधीं डुकराच्या चरबींत शिजवितात, तेव्हां शाकाहारी मंडळींनीं प्रत्येक ठिकाणीं विचारून घ्यावें.

इथवर सर्व सुरळीत झालें. मग यादी वाचतांना आमच्या लक्षांत आलें कीं, तींत आजी नाहींत आणि थोरल्या सूनबाईही नाहींत. आजींस झेपणार नाहीं, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी हवें, असें कारण सांगण्यांत आलें. आम्हीं विचारलें, जाणें ज्वालामुखी पाहण्यासाठीं आहे, कीं एकमेकांस भेटण्यासाठीं? आजींचें वय अठ्ठ्याहत्तर. धाकटी नात त्यांनीं अद्याप दूरध्वनीच्या पडद्यावरच पाहिली आहे. भेटीची निकड सर्वांत अधिक ज्यांस, त्यांसच घरीं ठेवावयाचें काय? आणि सूनबाईंनीं तर आजवर प्रत्येक प्रवासांत घरच राखलें आहे.

वृद्ध माणूस बरोबर असेल तर बेतच त्याच्या बेताचा करावा. स्थळें दोनच घ्यावीं. इराझू पर्वताची उंची ३,४३२ मीटर. दम लागणाऱ्यांनीं तो सोडावा. त्याऐवजीं आरेनाल घ्यावा. १९६८ सालीं भडकलेला हा ज्वालामुखी २०१० पासून शांत आहे, आणि त्याच्या पायथ्याजवळ ला फोर्तुना येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. विमानतळांवर चाकांची खुर्ची आधीं सांगून ठेवावी, वाटेंत एक रात्र मुक्काम करावा, आणि वैद्यकीय विमा उतरावा. वैद्यांनीं नाहींच म्हटलें, तर टेक्सासच्या मंडळींनींच डिसेंबरांत तुमसरास यावें. तेव्हां येथील हवा सुखाची असते, आणि नागझिऱ्याचें अरण्य मुलांस दाखवितां येतें.

घरच्यांनीं अखेर आजींसच विचारलें. त्या म्हणाल्या, “तिथें पाऊस आहे ना? मग इथल्या उन्हापेक्षां बरें.” आतां वैद्यांचा अभिप्राय यावयाचा आहे. तो येईपर्यंत एक काम मात्र थांबवूं नये असें आम्हीं सुचविलें. थोरल्या सूनबाईंचा पासपोर्टच काढलेला नाहीं. तो अर्ज याच आठवड्यांत भरावा.